बाळ बघायला जाताना: काय बघायचं, काय बोलायचं, काय गिळायचं

बाळ बघायला जायचं म्हणजे आपल्याकडे सगळं ठरलेलं असतं. झबलं-टोपडं किंवा पाकीट न्यायचं, हात धुवायचे, पाळण्यात डोकवायचं आणि पहिल्या दोन मिनिटांतच सुरू, कोणावर गेलंय, रंग कोणाचा घेतलाय, वजन किती भरलं, जावळ काय दाट आहे हो. बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं हे मला मान्य आहे. पण जिचे टाके अजून दुखतायत, जिची धड झोप झालेली नाही ती आई यातलं प्रत्येक वाक्य ऐकत असते आणि एखादं तिच्या मनात घर करून बसतं. "बाकी सगळं छान आहे, रंग तेवढा वडिलांचा घेतला" हे ऐकलेल्या किती बायका मला भेटल्यात, मुलं कॉलेजात गेली तरी ते वाक्य कोण बोललं, कुठे बसून बोललं हे त्यांना लख्ख आठवतं. म्हणून हे लिहितेय, बाळ बघायला जाणाऱ्यांसाठी पण आणि ज्यांच्या घरी बाळ आलंय त्यांच्यासाठी पण.

आधी हे समजून घ्या: ओढ उपजत, आवड शिकलेली

बाळ बघितल्यावर आपल्या आत दोन गोष्टी होतात आणि इतक्या पटापट होतात की आपल्याला ती एकच वाटते. पहिली उपजत असते, दुसरी आपण घरात, शाळेत, टीव्हीसमोर बसून शिकलेली असते. या दोन वेगळ्या करता आल्या ना की अर्धं काम झालं.

उपजत भागाबद्दल ऑस्ट्रियाचे प्राणिशास्त्रज्ञ कोनराड लोरेन्झ यांनी १९४३ साली एक मांडणी केली (याच लोरेन्झना पुढे १९७३ साली नोबेल मिळालं). त्यांचं म्हणणं असं की काही खुणा दिसल्या की माणसाला आपोआप जवळ घ्यावंसं, सांभाळावंसं वाटतं. अंगाच्या मानाने मोठं डोकं, पुढे आलेलं गोल कपाळ, चेहऱ्यावर जरा खालच्या बाजूला असलेले टपोरे डोळे, फुगरे गाल, आखूड जाडसर हातपाय, मऊ अंग आणि धडपडत्या हालचाली. कुत्र्याचं पिल्लू, मांजराचं पिल्लू, अगदी हत्तीचं पिल्लू बघूनही आपण "अगं बाई!" म्हणतो ते यामुळेच, कारण त्या सगळ्यांकडे याच खुणा असतात. आणि माणसाच्या बाळाला या ओढीची गरजही सगळ्यात जास्त, वासरू जन्मल्यावर तासाभरात उभं राहतं, आपलं बाळ मान धरायलाच तीनेक महिने घेतं, तोवर एकट्या आईने किती करायचं, आजी, मावशी, आत्या, शेजारीण अशा सगळ्यांना त्या बाळाची ओढ वाटली तरच ते नीट वाढतं.

पुढे हे प्रयोगातूनही तपासलं गेलं. २००८ साली ऑक्सफर्डच्या मॉर्टन क्रिंगेलबाख आणि त्यांच्या टीमने लोकांना अनोळखी बाळांचे आणि मोठ्यांचे चेहरे दाखवून मेंदूतली हालचाल मोजली, तर बाळाचा चेहरा दिसल्यावर साधारण एक सप्तमांश सेकंदात मेंदूच्या पुढच्या भागात, जिथे एखादी गोष्ट हवीहवीशी वाटणं ठरतं तिथे, प्रतिसाद दिसला, मोठ्यांच्या चेहऱ्याला तसा दिसला नाही. एवढ्या वेळात विचार होऊच शकत नाही, म्हणजे हे विचाराच्या आधीचं आहे. २००९ साली मेलनी ग्लॉकर आणि सहकाऱ्यांनी एकाच बाळाच्या फोटोत थोडे फेरफार केले, कपाळ मोठं, डोळे मोठे, चेहरा गोल, आणि लोकांना ते बाळ जास्त गोड तर वाटलंच, शिवाय त्याला सांभाळावंसंही जास्त वाटलं.

आता लोरेन्झची ती यादी परत वाचा. त्यात रंग कुठे आहे? नाहीच. २०१५ साली स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी तर मुद्दाम वेगवेगळ्या वंशांची बाळं दाखवून लोकांना विचारलं की समजा दत्तक घ्यायचं झालं तर कोणतं घ्याल, आणि कल दिसला तो जास्त बाळासारख्या चेहऱ्याकडे, वंश कोणताही असो. नाकाचं बघा. बाळाचं नाक बसकंच असतं, तीच बाळपणाची खूण आहे, आणि आपल्याकडे मालिशवाल्या मावशी चाफेकळी नाक व्हावं म्हणून रोज ते चिमटीत धरून ओढतात. म्हणजे उपजत ओढ म्हणते बसकं नाक गोड आणि आपली शिकवण म्हणते धारदार नाक गोड, दोन्ही एकाच बाळाच्या एकाच नाकाबद्दल!

म्हणून पहिली सवय ही लावून घ्या. पाळण्यात डोकावल्यावर आतून जे भरून येतं ते येऊ द्या, हसा, "अलेलेले" करा, हे तुमच्या पूर्वजांनी तुम्हाला दिलंय. त्यानंतर जिभेवर जे पहिलं वाक्य येईल ते मात्र क्षणभर थांबवा आणि मनात विचारा, हे मी आत्ता बाळात बघितलं की हे बघायचं असतं असं मला कोणी शिकवलंय? मुठीत बोट धरलं हे तुम्ही बघितलं. रंग उजळ आहे हे बघायचं असतं असं शिकवलंय.

बारशाला जाताय? मग अपेक्षा जरा बदलून जा

ही गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. नवं जन्मलेलं बाळ दिसायला सगळ्यात गोड नसतंच. अनोळखी मोठ्या माणसांना वेगवेगळ्या वयाच्या बाळांचे फोटो दाखवले की नवजात बाळांना कमी मार्क मिळतात, तीन आणि सहा महिन्यांच्या बाळांना जास्त. आणि आपलं बारसं असतं बाराव्या दिवशी! म्हणजे सगळं गाव बघायला येतं तेव्हा बाळाच्या पापण्या सुजलेल्या, कातडीचे पापुद्रे निघतायत, नाकावर पांढरे बारीक दाणे, खांद्या-पाठीवर लव, डोकं लांबुळकं कारण ते अरुंद वाटेने बाहेर आलंय. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तर गालावर पुरळ येतं. कंबरेवर किंवा ढुंगणावर निळसर-करडा डाग असतो, तो आपल्याकडच्या खूप बाळांना असतो, मार लागल्यासारखा दिसतो पण मार नसतो, पुढच्या काही वर्षांत बहुतेकांचा फिका होत जातो.

हे सगळं आपोआप जातं. लांबुळकं डोकं काही दिवसांत ते काही आठवड्यांत जागेवर येतं, बाळसं दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात दिसायला लागतं. तेव्हा बारशात "असं का दिसतंय गं" हा प्रश्न नकोच. ज्यांचं पहिलं मूल आहे त्यांना वाटतं खरंच काहीतरी चुकलंय.

आणि आयांसाठी एक. बाळ हातात दिल्याबरोबर प्रेमाचा पूर येतो असं सिनेमात असतं, खऱ्या आयुष्यात काहींना येतो, काहींना दहा-पंधरा दिवस लागतात, काहींना महिनाभर लागतो. तुमचं बाळ तुम्हाला लगेच गोड वाटलं नाही म्हणजे तुम्ही वाईट आई झालात असं अजिबात नाही. पण दोन आठवडे उलटून गेले तरी सारखं रडू येतंय, बाळाकडे बघावंसंच वाटत नाही, स्वतःला किंवा बाळाला काही करावं असे विचार येतायत असं असेल तर गप्प बसू नका, डॉक्टरांना सांगा, शेवटची गोष्ट असेल तर त्याच दिवशी सांगा. बाळंतपणानंतरचं डिप्रेशन हा आजार आहे आणि त्याला उपचार आहेत.

रंग: या एका विषयावर मी जरा जास्त बोलणार आहे

कारण सगळ्यात जास्त दुखवलं जातं ते इथेच.

जन्मताना बहुतेक बाळं पुढे असतील त्यापेक्षा उजळ किंवा लालसर दिसतात. रंगद्रव्य पुढच्या काही महिन्यांत हळूहळू तयार होतं आणि खरा रंग तेव्हा उतरतो. आपल्या आज्यांना हे माहीत होतं, म्हणूनच त्या कानाच्या पाळ्या बघून "हा रंग येणार" असं सांगतात, त्यांचं निरीक्षण चांगलंच होतं. मग चौथ्या-पाचव्या महिन्यात कोणीतरी म्हणतं "काळवंडला का गं हा, उन्हात नेतेस का?" आणि आई स्वतःला दोष देत बसते. तुम्ही काहीही केलेलं नाही. रंग आई-वडिलांच्या जनुकांतून येतो, गरोदरपणात केशराचं दूध प्यायलं, शहाळं प्यायलं, लोह किंवा चहा टाळला याने तो बदलत नाही. यातलं लोह टाळणं तर चक्क धोक्याचं आहे, "गोळ्यांनी बाळ काळं होतं" म्हणून सरकारी दवाखान्यातल्या लोहाच्या गोळ्या फेकून देणाऱ्या बायका आजही आहेत आणि त्यात आई आणि बाळ दोघांचं नुकसान होतं.

डाळीचं पीठ, साय, हळद लावून अंग चोळणं यानेही रंग उजळत नाही. वरची लव निघते, मळ निघतो, थोडा वेळ कातडी चमकते आणि नाजूक कातडीला रॅश येऊ शकते. तेलाची हलक्या हाताची मालिश छान असते, बाळालाही आवडते, पण रंगासाठी म्हणून चोळणं थांबवा.

आता मुख्य मुद्दा. रंगाचं कौतुक करण्याच्या नादात आपण तब्येतीच्या खुणा चुकवतो. बाळ पांढुरकं दिसलं की घरचे खूश, "गोरा होत चाललाय", आणि तो खरं तर अ‍ॅनिमिया असू शकतो. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात भारतात सहा महिने ते पाच वर्षांतल्या ६७ टक्के मुलांमध्ये रक्त कमी आढळलं. म्हणून तळहात, पापणीच्या आतली बाजू आणि ओठ फिके वाटले तर कौतुक न करता डॉक्टरांना दाखवा. दुसरं काविळीचं. सावळ्या बाळाची कावीळ कातडीवर पटकन कळत नाही, "रंगच तसा आहे" म्हणून सोडून दिली जाते, तेव्हा दिवसाच्या उजेडात डोळ्यांचं पांढरं, हिरड्या आणि तळपाय बघायचे. पिवळेपणा पहिल्या चोवीस तासांत आला किंवा तळहात-तळपायापर्यंत उतरला तर थांबायचं नाही, लगेच दवाखाना. मग बघा रंग, त्या कारणासाठी जरूर बघा!

रंगाचा हा हट्ट कुठून आला याला एक उत्तर नाही. जात, उन्हात राबणं विरुद्ध सावलीत बसणं, गोऱ्यांचं राज्य, लग्नाच्या जाहिराती, सगळं त्यात मिसळलंय. फेअर अँड लव्हली १९७५ साली बाजारात आली आणि त्या नावातला 'फेअर' निघायला २०२० उजाडलं, मधल्या पंचेचाळीस वर्षांत दोन पिढ्या आई-बाप झाल्या. आणि गंमत नाही, खरंच विचार करण्यासारखं आहे, ज्या घरात पाळण्यात बाळकृष्ण ठेवून जोजवतात आणि ज्याच्यासाठी पंढरपूरपर्यंत चालत जातात तो विठोबा सावळा, त्या घरातली सावळी पोर मात्र "हिला थोडं उटणं लावा" ऐकत मोठी होते. म्हणजे सावळं रूप गोड वाटणं आपल्याला परकं नाहीच, ते आपल्याकडे भरपूर आहे, फक्त देवापुरतं ठेवलंय.

कोणी बोललंच तर काय म्हणायचं? भांडण नको असेल तर विषय तब्येतीवर न्यायचा. "रंग काय काकू, कावीळ उतरली ना तेच बघत होतो आम्ही." "हो आत्या, माझ्यासारखाच आहे, मला आवडला." आणि एक नियम घरात आधीच ठरवा, ज्याचा नातेवाईक त्याने उत्तर द्यायचं. नवऱ्याच्या आत्याला नवऱ्याने, बायकोच्या मामाला बायकोने. बाळंतिणीला सासरच्यांसमोर एकटं सोडायचं नाही. वडिलांनी सगळ्यांदेखत "मला तर फार आवडलं आमचं बाळ" एवढं म्हटलं तरी खोलीतलं वातावरण बदलतं.

गुटगुटीत म्हणजेच चांगलं?

फुगरे गाल लोरेन्झच्या यादीत आहेत, त्यामुळे गुबगुबीत बाळ गोड वाटणं उपजत आहे हे खरं. पण किती गुबगुबीत हे आपण शिकलो. सुदृढ बालक स्पर्धा, कॅलेंडरवरची बाळं, पावडरच्या डब्यावरची बाळं. या चित्रांची ताकद इतकी की १९९२ साली आपल्या देशाने कायदाच केला, बाळांच्या दुधाच्या पावडरच्या डब्यावर बाळाचं किंवा आईचं चित्र छापायला बंदी. कारण गुटगुटीत बाळाचं चित्र बघितलं की आईला वाटतं माझं दूध कमी पडतंय.

घरातल्या मोठ्या बायकांच्या बाजूनेही बघा. १९७१ साली भारतात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १२९ बाळं पहिल्या वाढदिवसाआधी जायची, २०२० साली हा आकडा २८ वर आलाय. ज्यांनी तो काळ आणि त्यापाठोपाठ ७२ चा दुष्काळ बघितला त्यांच्यासाठी अंगावरचं मांस म्हणजे बाळ जगणार याची खात्री होती. तेव्हा आजी "हाडकुळं आहे गं" म्हणते त्यामागे भीती असते, तिला उलटून बोलू नका, तिला वाढीचा तक्ता दाखवा.

तक्ता अंगणवाडीतून मिळणाऱ्या कार्डावर असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली हे नवे तक्ते काढले ते सहा देशांतल्या मुलांवरून, ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका, आणि त्यात दिसलं असं की नीट खायला आणि नीट देखभाल मिळाली तर या सगळीकडची बाळं जवळपास सारखीच वाढतात. म्हणजे "आमच्याकडची बाळं अशीच लहानखुरी" हे कारण पुरत नाही आणि "परदेशातल्यासारखं दणकट पाहिजे" हा हट्टही नको. वर्षाच्या मुलाचं मधलं वजन ९.६ किलो, मुलीचं ८.९ किलो. पहिल्या आठवड्यात वजन थोडं उतरतंच, जन्माच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत असेल आणि दोन आठवड्यांत भरून आलं तर काळजी नाही. पाचव्या महिन्याच्या आसपास दुप्पट, वर्षाला तिप्पट हा ढोबळ हिशोब. रेघ वर चाललीय ना हे बघायचं, शेजारच्या पिंट्याशी तुलना करायची नाही. रेघ आडवी झाली किंवा खाली आली तर मात्र बाळ कितीही गोड हसत असलं तरी दाखवून घ्या.

नाक, डोकं, काजळ, तीट

बाळाला हवा तसा आकार देणं हे सगळ्या जगात आहे. मेक्सिकोच्या युकातान भागातले माया लोक बाळाच्या डोक्याला फळ्या बांधून कपाळ चपटं करायचे, कारण त्यांना तेच सुंदर वाटायचं, आणि डोळे तिरळे व्हावेत म्हणून कपाळावर मणी लोंबकळत ठेवायचे, सोळाव्या शतकातल्या दिएगो दे लांदा या स्पॅनिश पाद्र्याने हे लिहून ठेवलंय. आपल्याला ऐकून कसंतरी होतं, पण आपणही नाक ओढतो, डोकं दाबून गोल करतो. नाक ओढून सरळ होत नाही, हाड-कूर्चा जशी वाढायची तशीच वाढते. डोकं दाबायचं तर मुळीच नाही, टाळू उघडी असते. एका बाजूने चपटं होत असेल तर जागं असताना, आपण समोर बसून, बाळाला थोडा वेळ पोटावर ठेवायचं, झोपताना डोकं कधी या कुशीला कधी त्या कुशीला वळवायचं पण झोपवायचं पाठीवरच, आणि मोहरीची उशी वगैरे पहिलं वर्षभर नको.

काजळाने डोळे मोठे होत नाहीत, मोठे दिसतात एवढंच, आणि ती मोठ्या डोळ्यांची उपजत ओढच आहे बघा. पण बाजारातल्या बऱ्याच काजळांत शिसं सापडलंय आणि शिसं बाळाच्या मेंदूला घातक, घरी धरलेल्या काजळानेही डोळ्यांत इन्फेक्शन होतं. डोळ्यांत नकोच. तीट लावायचीच असेल, आजीचं मन मोडवत नसेल, तर तळपायाला किंवा कानामागे छोटा ठिपका, तोंडात हात जाणार नाही अशा जागी.

तीट आणि दृष्ट यांच्याकडे मी नुसती अंधश्रद्धा म्हणून बघत नाही, म्हणजे मीठ-मोहऱ्यांनी ताप उतरत नाही हे सांगायलाच हवं, पण त्यामागे कौतुकाला लगाम घालायची एक जुनी रीत आहे. ज्या घरात आधीची मुलं दगावली त्या घरात पुढच्याचं नाव मुद्दाम दगडू, धोंडू, कचरू ठेवायचे, हे मूल कोणाच्या नजरेत भरू नये म्हणून. केनियातल्या गुसी लोकांमध्ये रॉबर्ट लेव्हाइन या मानववंशशास्त्रज्ञाने बघितलं की आया बाळाच्या डोळ्यांत डोळे घालून लाडेलाडे बोलत नाहीत, कौतुक करत नाहीत, पण बाळ रडलं की लगेच उचलतात, रात्रंदिवस अंगाशी ठेवतात. प्रेम तेवढंच, दाखवायची तऱ्हा वेगळी. त्यामुळे एखाद्या घरात गेलात आणि तिथल्या आजी "काही नाही हो, आहे आपलं साधंच" म्हणाल्या तर "अहो केवढं सुंदर आहे!" असं चार-चारदा म्हणू नका, त्यांचा जीव खालीवर होतो. "शंभर वर्षांचं होऊ दे" म्हणा. आणि अमेरिकेत, इंग्लंडात मुलांकडे गेलेल्या आज्यांना हेच उलट सांगा, तिकडे दुकानाच्या रांगेतली अनोळखी बाई बाळाला गोड म्हणते तेव्हा ती फक्त आपली रीत पाळत असते.

गाल ओढायचे नाहीत

बाळ फार गोड वाटलं की दात-ओठ आवळले जातात, गालगुच्चा घ्यावासा वाटतो, "खाऊन टाकू का तुला" म्हणतो आपण. याचाही अभ्यास झालाय, येल विद्यापीठातल्या ओरियाना अ‍ॅरागॉन यांनी २०१५ साली मांडलं की भावना अंगावर येते तेव्हा तिचा तोल सावरायला उलटी भावना बाहेर येत असावी. म्हणजे तुम्ही दुष्ट नाही. पण गालावर जोर नको आणि पहिले दोन-तीन महिने तोंडावर पापे तर अजिबात नकोत, मोठ्यांच्या ओठांवरचा साधा फोड किंवा सर्दी बाळासाठी जीवघेणी ठरू शकते. पाय धरा, तळपायाला बोट लावा, बोटं कशी पसरतात बघा, तेवढ्यावर भागवा. आई-वडिलांनी "सॉरी मावशी, पापा नको, डॉक्टरांनी सांगितलंय" हे बिनधास्त म्हणायचं, डॉक्टरांचं नाव पुढे केलं की आपल्याकडे कोणी वाईट वाटून घेत नाही.

ज्या बाळावर नजर ठरत नाही

हा भाग कृपा करून वाचाच. आठव्या महिन्यात जन्मलेलं बाळ गुबगुबीत नसतं, कातडी पातळ, चेहरा म्हाताऱ्यासारखा, नळ्या लावलेल्या. फाटलेल्या ओठाचं बाळ, चेहऱ्यावर मोठा लाल डाग असलेलं बाळ, डाऊन सिंड्रोम असलेलं बाळ. बघणाऱ्याची ती पहिली ओढ इथे कधीकधी अडखळते. २०१३ च्या एका अभ्यासात ओठ दुभंगलेल्या बाळांचे फोटो दाखवल्यावर मेंदूतला तो झटपट प्रतिसाद कमी दिसला. आणि १९९५ साली ज्युडिथ लँगलॉइस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की इतरांना जी बाळं जास्त सुंदर वाटली त्यांच्या आया त्यांच्याशी जास्त लाडाने वागत होत्या. कमी सुंदर वाटलेल्या बाळांची देखभाल होतच होती, पण लाड कमी. वाचून त्रास होतो, पण माहीत असलेलं बरं, कारण उपजत ओढ ही सुरुवात आहे, तिच्यावर सगळं सोडून द्यायचं नसतं.

कारण ओढ फक्त डोळ्यांतून येत नाही. बाळाचा वास, आवाज, अंगाची ऊब, मुठीची पकड यातूनही ती येते आणि ती येते सहवासाने. कमी दिवसांच्या बाळाला आईच्या किंवा वडिलांच्या उघड्या छातीवर ठेवायची पद्धत, कांगारू मदर केअर, १९७० च्या दशकाच्या शेवटी कोलंबियातल्या बोगोटात सुरू झाली, इनक्युबेटर पुरत नव्हते म्हणून, आणि नंतर लक्षात आलं की बाळं जगतात, वजन धरतात आणि आई-बाळाचं नातंही घट्ट होतं. वडिलांनी पण करायचं, केस असले छातीवर तरी चालतं!

अशा घरी गेलात तर चेहरा पाडून जाऊ नका आणि "काय हे देवाने केलं" म्हणू नका. गरोदरपणात ग्रहण पाळलं नाही, चाकू धरला म्हणून ओठ फाटला असं तर कधीच म्हणू नका, ते खोटं आहे आणि आईच्या माथी मारलं जातं. बाळाचं नाव विचारा, नावाने हाक मारा. हातात द्याल का विचारा, देतील तर पाच मिनिटं शांत घेऊन बसा. डोळ्यांकडे बघा, बाळ तुमच्याकडे बघेल. बघता बघता तो डाग किंवा तो ओठ मागे पडतो आणि बाळ पुढे येतं, हे खरंच होतं, फक्त तेवढा वेळ द्यावा लागतो. आणि कामाची माहिती द्या. ओठाचं ऑपरेशन साधारण तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान होतं, तोंडातली टाळू (तोंडाच्या आतलं छत) दुभंगलेली असेल तर तिचं साधारण नऊ ते अठरा महिन्यांत. २०१३ साली पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दुभंगलेला ओठ, वाकडे पाय, जन्मजात हृदयदोष यांची तपासणी आणि पुढचे उपचार मोफत आहेत, आशाताईंना किंवा अंगणवाडीत विचारलं की पुढची वाट कळते. दूध ओढता येत नसेल तर वाटी-चमच्याने पाजायला शिकवतात, ते पण विचारा.

भावंडं, जुळी आणि फोटो

जुळ्यांमध्ये एक उजळ, एक सावळं, एक गुटगुटीत, एक बारीक असं असतंच आणि लोक नकळत त्यातल्या एकालाच उचलतात. घरच्यांनी लक्ष ठेवायचं आणि पाहुण्यांच्या हातात दुसरं बाळ स्वतःहून द्यायचं. पाहुण्यांनी दोघांना उचलायचं, दोघांना नावाने हाक मारायची आणि "हा जास्त गोड" असं त्यांच्यासमोर म्हणायचं नाही, त्यांना अजून कळत नाही असं समजू नका, दुसऱ्या वर्षापासून बरंच कळतं. थोरलं भावंड असेल तर आधी त्याच्याशी बोला, मग पाळण्याकडे वळा. "आता तुझे लाड संपले" हे चेष्टेतसुद्धा नको.

फोटोंचं एवढंच सांगते. ज्या फिल्टरने डोळे मोठे होतात आणि कातडी उजळते तो बाळाच्या फोटोला लावू नका, पुढे तेच मूल आपले फोटो बघणार आहे. बोरन्हाणाचे फोटो काढाल तेव्हा काळ्या कपड्यांत आणि हलव्याच्या दागिन्यांत सावळी बाळं किती उठून दिसतात ते बघा, फक्त फोटो खिडकीच्या उजेडात काढा, तोंडावर फ्लॅश मारला की रंग उडतो आणि बाळ पण दचकतं. हलव्याचे दागिने दोन मिनिटं घालून लगेच काढून ठेवा, बारीक दाणे आणि बोरं तोंडात गेली तर घशात अडकतात.